घड परत फिरवायचा असतो

पाणआळी, राजोडीची वाट, वसई
१२ एप्रिल १९८४

प्रिय फेबियन,

दहा वर्षं आपण एकमेकांना नाताळची कार्डं सोडून काही पाठवलं नाही. कार्डावर सगळं छापलेलंच असतं, आपण खाली फक्त सही करतो. म्हणून आज कोरा कागद घेतलाय. अक्षर चौथीपर्यंतचंच आहे, पुढचं सगळं वाचन मी भज्यांच्या पुड्यांवर केलं हे तुला ठाऊक आहे. तेव्हा शुद्धलेखनाला हसू नकोस, किंवा हस, तुझं हसणं ऐकून तरी किती दिवस झाले.

रविवारी मिस्सा सुटल्यावर देवळाच्या पायरीवर काकाच्या पीटरने मला गाठलं. म्हणाला, “बाय, फेबियनने तळ्याची जमीन विकायला काढली. मुखत्यारपत्र माझ्या नावाने आलंय.” मी म्हटलं, “बरं.” दुसरं काय म्हणणार? मग सोमवारी मुंबईच्या बिल्डरची दोन माणसं टेप घेऊन आली. एकाचा बूट बावखलाच्या चिखलात अडकला तो निघेना. शेवटी पुतळाबाईने काढला, धुतला आणि त्याच्या हातात दिला. म्हणाली, “साहेब, जमीन सोडत नाय तुमाला.”

तुझी विनी गोव्याची, तिला बावखल काय ते माहीत नसणार, तिला सांग. आपल्या वाड्यांतलं जुनं तळं ते. पावसाचं पाणी पोटात धरतं आणि समुद्र हाकेवर असूनही आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवतं. आपल्या बावखलाला फिरंग्यांच्या काळच्या दगडी पायऱ्या आहेत, त्यातल्या चार आता निखळल्यात. बांधावरचा क्रूसही वाकलाय. पुतळाबाईची झोपडी अजून उंचवट्याखाली तिथेच आहे. तिचा नवरा नथू गेला. आपल्या वाडीत सारं आयुष्य राबला आणि स्वतःच्या नावाची वीतभर जागा नव्हती त्याला.

मी तुला अडवायला लिहीत नाही. जमीन बाबांनी तुझ्या नावावर केली, ती तुझी. पण एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची आहे आणि ती घालताना ज्याचं नाव घ्यावं लागणार, ते ऐकलं की तू भरल्या ताटावरून उठायचास. आता बहरीनमध्ये उठून कुठे जाशील? बस आणि ऐक.

हरेश्वर आता सरपंच आहे. काल तो आपल्या दारात येऊन उभा राहिला. दहा वर्षांत पहिल्यांदा. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

“बाय, फेबियनचा पत्ता देशील?”

“कशाला?”

“गावाला ती जमीन इकत घ्यायची हाये.”

“फुकट घेऊन झाली, आता विकत?”

“होय,” तो म्हणाला. “म्हनूनच.”

मी पत्ता दिला नाही. ताक दिलं. ते मात्र तो प्याला.

मग उभ्या उभ्या त्याने सांगितलं ते असं. बावखल आणि भोवतालचं मैदान कायमचं मोकळं ठेवायचं, सगळ्यांसाठी. पायऱ्या आणि क्रूस नीट करायचा. उंचवट्यावर लहान लहान घरं बांधायची, परवडतील अशा हप्त्यांत, ज्यांना गावात घर नाही त्यांच्यासाठी. म्हणजे पुतळाबाईसारख्यांसाठी, आणि लग्न झालं की नालासोपाऱ्याच्या भाड्याच्या खोलीत जाऊन पडणाऱ्या आपल्या पोरांसाठीही. पैसे घरपट्टीवर थोडी वाढ करून गावाने उभे करायचे, आणि गावाने हात घातला तर ठाण्याच्या कचेरीतून थोडी भर मिळेल म्हणतो. तुला सरकारी मोजणीचा रास्त भाव.

पीटर नाताळपर्यंत थांबायला तयार आहे, कारण बिल्डरचेच कागद अजून पुरे नाहीत. तोपर्यंत काय होतं ते मी तुला कळवत राहीन. उत्तर पाठवलंच पाहिजेस असं नाही.

तुझी बाय,
सालोमी


पाणआळी
२२ जुलै १९८४

प्रिय फेबियन,

परवा शाळेत ग्रामसभा झाली. कौलं गळत होती, मधल्या बाकांवर कोणी बसेना, त्यामुळे आळी-आळीचे लोक भिंतींना चिकटून समोरासमोर बसले. भांडायला बरं पडलं.

हरेश्वरने मांडलं, मोकळ्या जागेसाठी आणि घरांसाठी घरपट्टीच्या रुपयामागे पाच पैसे जास्त. एवढं म्हटलं आणि मायकल उठला. तोच तो, सणाला लिलाव पुकारतो तो. म्हणाला, “सरपंच, तळ्यात राहतात बेडूक. घरपट्टी त्यांनाच लावा.”

सगळे हसले. हरेश्वरही हसला. “त्यांनी भरली असती रे मायकल. त्यांना पान्याची किंमत कळते.”

मग एकेक जण बोलायला लागला. माझ्या विहिरीला पाणी आहे, मी का देऊ? माझ्या पोराला घर आहे, मी का देऊ? मला तिथे कोण खेळायला नेतंय? कोंबडीला विचारून मसाला वाटत नाहीत, पण इथे प्रत्येक कोंबडीला विचारणं चाललं होतं.

आणि मी उठले. आता हे तुला पीटर सांगेलच, तेव्हा मीच सांगते. मी म्हटलं, “माझा भाऊ याच जागेत घर बांधणार होता. लग्न ठरलं होतं. दगड येऊन पडले होते. पंचायतीने सांगितलं, बावखलात भराव टाकायचा नाही. तेव्हा त्याला कोणी पाच पैसे दिले? तेव्हा ही गावाची जागा नव्हती, फेबियनची होती. मग नाही म्हणायला गाव कुठून आलं होतं?”

मला वाटलं, हरेश्वर आता खाली बघेल. मला तेच हवं होतं.

तो ग्रामसेवकाकडे वळला आणि म्हणाला, “लिहा.” आणि सावकाश सांगू लागला. मला ते जसंच्या तसं आठवतं. “तेव्हा मी पंच होतो. भराव पडला असता तर दोन आळ्यांच्या इहिरी खाऱ्या झाल्या असत्या, म्हनून मी नाही म्हटलं. आज कोन इचारेल तर आजही नाहीच म्हनेन. पन पानी सगळ्या गावाने प्यालं आनि किंमत एकट्या फेबियनने भरली. हे बरोबर नव्हतं. सालोमीबाय बोलली ते खरं हाये. मी आज कर मागत नाय, गावाकडून राहिलेलं मागतोय.”

फेबियन, मी त्याला आपल्या अंगणात नाकातून शेंबूड गळत असल्यापासून ओळखते. तुम्ही दोघं एकाच केळीच्या खोडावर बसून बावखल पार करायचात आणि मी काठी घेऊन काठावर उभी असायचे. पण परवा मला तो माणूस नवा दिसला. चारशे माणसांसमोर आपली बाजू सोडायची नाही आणि आपली चूकही लपवायची नाही, हे मी आजवर फादरांनाही जमलेलं पाहिलं नाही.

पण कौतुकाने हात वर होत नाहीत. मोजणी झाली तेव्हा हात थोडेच आले. ठराव पडला.

माझा हात? तो पदराखाली होता.

घरी येताना पुतळाबाई वाटेत भेटली. मी तिला विचारलं, “तू तरी हात वर करायचास ना गं, घर तुला मिळणार.” ती म्हणाली, “बाय, मी घरपट्टी भरत नाय. दुसऱ्याच्या खिशातला पैसा मागायला हात कसा वर करू? लाज वाटली.” आणि डोक्यावर इरलं सारखं करून पुढे निघून गेली.

विनीच्या गुडघ्याला बरं आहे का? कार्डावर तू लिहिलं नव्हतंस, पीटरच्या तोंडून कळलं.

सालोमी


पाणआळी
१७ ऑक्टोबर १९८४

प्रिय फेबियन,

हे पत्र बसून वाच आणि विनीलाही वाचून दाखव, कारण असला प्रकार गोव्यात काय, बहरीनच्या शेखाच्या दरबारातही झाला नसेल.

रविवारी सुगीचा सण होता. विनीला आधी रीत सांग. वाडीतलं पहिलं फळ आम्ही देवळात आणतो. मिस्सा झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. केळ्याचा घड ज्याने घेतला त्याने पैसे द्यायचे, पण घड घरी न्यायचा नाही. परत टेबलावर ठेवायचा, तो पुन्हा फिरतो. एकच घड दहादा विकला जातो आणि शेवटी सगळे मिळून एकेक केळं खातात. आणि लिलावात तोंडातून निघालेला आकडा मागे घ्यायचा नाही, मग घरी बायको काही म्हणो.

हरेश्वरने फादरांना विचारून ग्रामसभा त्याच अंगणात, लिलाव संपल्यावर ठेवली. शाळेची कौलं काढली होती आणि खालच्या आळीचे हिंदू लोकही लिलाव बघायला येतातच. सगळे आयते जमलेले, पोटात केळं आणि खीर. ग्रामसेवकाचा घसा बसलेला होता, आवाज फुटेना. ठराव वाचायचा कोणी? मायकल पुढे झाला. “द्या इकडे. दुपारपासून ओरडतोच आहे, आणखी एक कागद.”

तो त्याच टेबलामागे उभा होता. त्याच जागी, हातात लिलावाचा नारळ अजून तसाच. त्याने वाचलं, “मोकळी जागा व घरे यासाठी घरपट्टीच्या रुपयामागे पाच पैसे.” वाक्य संपलं पण त्याचा गळा थांबला नाही. दुपारभराची सवय. सुरातच पुढे गेला, “पाच पैसे… पाच पैसे एकवार…”

मागून आग्नेलकाका म्हणाले, “सहा.”

म्हातारा काही विचार करून बोलला नाही. चाळीस वर्षं त्या अंगणात मायकलने, आणि त्याच्या आधी त्याच्या बापाने, एकवार म्हटलं की आग्नेलकाकाच्या तोंडून आकडा निघतोच. आणि खालच्या आळीचा श्रीपत, ज्याच्या बांधावरून आग्नेलकाकांचं जन्माचं वाकडं, तो लगेच म्हणाला, “सात.”

“सात पैसे, खालची आळी. सात एकवार…”

“साडेसात,” कोणी तरी म्हणालं. “आठ.” मायकलचा चेहरा उजळला होता, त्याला आपण काय विकतोय याचं भान राहिलं नव्हतं. आग्नेलकाका उभे राहिले. “नऊ. श्रीपत, बस खाली.”

आणि फेबियन, जुलैत जिचा हात पदराखाली होता त्याच बाईचं तोंड उघडलं. मी म्हटलं, “दहा.”

“दहा पैसे, सालोमीबाय. एकवार. दोनवार. तीनवार.” आणि मायकलने टेबलावर नारळ आपटला.

तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं की आपण घड नाही, घरपट्टी घेतली.

ग्रामसेवक बसल्या घशाने म्हणत होता, “हे नियमात बसत नाही, हे नियमात बसत नाही.” हरेश्वर तर बाकावर बसून पोट धरून हसत होता. डोळे पुसून उठला आणि म्हणाला, “मंडळी, मी पाचच मागितले होते. हा लिलाव नाय, कर हाये, दर वर्षी भरावा लागेल. सणाच्या तोंडात गेलेलं मी धरनार नाय. आता शुद्धीत या आनि हात वर करा. पाचाला, दहाला, की कशालाच नाय.”

दुसरा कोणी असता तर ग्रामसेवकाचा हात धरून तिथेच दहा लिहून घेतले असते. मी त्याच्याकडे बघत होते. आयतं ताटात पडलेलं त्याने परत वाढप्याच्या हातात दिलं.

आग्नेलकाका म्हणाले, “सरपंच, तुम्ही खालच्या आळीचे, तुम्हाला नाही कळायचं. या अंगणात बोललेला आकडा मागे जात नाही.”

“माझं काय?” श्रीपत म्हणाला. “मी खालच्या आळीचाच हाये. आमची कुठे ही रीत?”

“काका, मग सात का बोललात?” हरेश्वरने विचारलं.

“हा सहा बोलला म्हनून.”

“मग हा हात वर करतोय,” हरेश्वरने आग्नेलकाकांकडे बोट दाखवलं.

श्रीपतने आग्नेलकाकांकडे बघितलं आणि हात वर केला. मग बाकीचे. मायकलने नारळासकट हात वर केला. पुतळाबाई कडेला उभी होती. मी तिच्याकडे बघून नुसती मान हलवली, आणि तिनेही केला. दहा पैशांचा ठराव झाला.

दुसऱ्या दिवशी गावात किती नवऱ्यांना जेवण मिळालं नाही ते मी लिहीत नाही. पण मागे कोणी सरलं नाही.

आता तुझी बाजू. गाव विकत घ्यायला तयार आहे. विकायचं की नाही ते तुझ्या हातात. मी हरेश्वरला तुझा पत्ता दिला.

सालोमी


पाणआळी
९ डिसेंबर १९८४

प्रिय फेबियन,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं, पण तुझ्या हातचं. मी ते आधी नुसतं पाकीट म्हणून दिवसभर ओट्यावर ठेवलं होतं.

तू विचारलंस, बिल्डर जास्त देतो आणि एकरकमी देतो, मग ज्यांनी मला गाव सोडायला लावलं त्यांच्याकडून मी कमी का घेऊ? आणि दुसरं, उंचवट्यावर आता घरं चालतात तर तेव्हा माझं का चाललं नाही?

पहिल्याचं म्हणशील तर कमी ते कमीच. मी त्याला साखर लावणार नाही.

दुसरा प्रश्न मी हरेश्वरला जशाच्या तसा वाचून दाखवला. तो बांधावर बसला होता. म्हणाला, “तेव्हा उंचवटा गावठाणाच्या भायेर होता, तिथे घराला परवानगी नव्हती. गावठाण वाढवून घेता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. मला फक्त नाही म्हनायचं ठाऊक होतं. फेबियन गेल्यावर मी रस्ता शोधायला लागलो. ठान्याला खेपा घालून घालून गेल्या वर्षी ते झालं. ज्याच्यासाठी शोधला तो गेला, रस्ता सापडला.” मग म्हणाला, “हे असंच लिही त्याला. बरं दिसेल असं करू नको.” म्हणून असंच लिहिलं.

आता मी कधी कुणाजवळ न बोललेली एक गोष्ट. मटिल्डाच्या घरच्यांनी, घर नाही म्हणून लग्न मोडलं, त्या दिवशी तू बावखलाच्या काठी जाऊन बसला होतास. मी आले नाही तुझ्याजवळ. तुला एकटं राहायचं असेल म्हणून आले नाही. पण माडांच्या मागे कोणी तरी उभं होतं आणि तू उठेपर्यंत ते हललं नाही. तू पाण्याकडे बघत होतास आणि हरेश्वर तुझ्याकडे. तू घराकडे वळलास तेव्हाच तो गेला. त्याने कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही.

मटिल्डा सुखात आहे. तीन मुलगे, तिघेही फुटबॉल खेळतात आणि आपल्याच मैदानात येतात. हे वाचून तुला काय वाटेल ते मला ठाऊक नाही.

आणखी एक. तू घरासाठी आणलेले जोत्याचे दगड. तुला वाटत असेल, लोकांनी कधीच पळवले असतील. गावात दगड एवढा वेळ पडून राहत नाही. कोणाचा गोठा, कोणाची मोरी, कोणाच्या विहिरीचा कठडा, बायकांना धुण्याला सुद्धा दगड हवाच असतो. पण तुझ्या ढिगातला एक हललेला नाही. हरेश्वरच्या स्वतःच्या पुतण्याने एकदा दोन दगड बैलगाडीत घातले होते. त्याने भर दुपारी गाडी परत वळवायला लावली आणि पुतण्याला ते जागच्या जागी रचायला लावले. पुतण्या म्हणाला, “काका, तो फेबियन काय परत येतोय?” तर हा म्हणाला, “दगड त्याचे हायेत. येतो का नाय ते दगडांना इचारायचं नाय.” हाच पुतण्या आता होऊ घातलेल्या घरांतलं एक मागायला आला. त्यालाही नाही मिळालं. पंचांच्या नात्यातल्या कोणाला द्यायचं नाही असा नियम सरपंचाने स्वतःच करून ठेवलाय. त्याची वहिनी, पुतण्याची आई, त्याच्याशी बोलत नाही. घरोघर नाही म्हणण्यात तो आता तरबेज झालाय, पण पहिलं नाही त्याला अजून डाचतं.

ते दगड बघून पुतळाबाईने मला विचारलं, “बाय, जमीन गावाची झाली तर ह्यो ढीग कुठं जाईल?” हरेश्वरने मात्र विचारलेलं नाही. तो विचारणारही नाही. म्हणून मी विचारते. सौदा झाला तर त्या दगडांचं काय करायचं?

नाताळला पीटर सही करून देणार, तू ज्याला सांगशील त्याला. बिल्डरचा माणूस पेढे घेऊन त्याच्याकडे येऊन गेला. पीटरने पेढे खाल्ले, पण सही केली नाही. तुझं पत्र येईपर्यंत करणार नाही म्हणाला. पेढे बरे होते म्हणे.

मी तुला विनवत नाही. लहानपणी तुला ओढून न्यावं लागायचं, तेव्हा तू पाय रोवून बसायचास, आणि सोडून दिलं की आपणहून मागे यायचास. मी सोडून दिलंय.

नाताळच्या तुम्हा दोघांना शुभेच्छा. या वर्षी कार्ड पाठवत नाही.

तुझी बाय


पाणआळी
३ फेब्रुवारी १९८५

प्रिय फेबियन,

तुझा संमतीचा कागद पोचला. पीटरने कचेरीत जाऊन गावाच्या नावाने करार केला. बिल्डरच्या माणसाने दुसरीकडे जागा बघितली म्हणतात, सातिवलीकडे.

तू पत्र लिहिलं नाहीस. पाकिटात एवढीशी चिठ्ठी होती आणि तिच्यावर दोन शब्द. “दगड वापरा.”

मी ती हरेश्वरला नेऊन दिली. पंचायतीत माणसं बसली होती. त्याने वाचली, परत वाचली, आणि म्हणाला, “अक्षर शाळेतलंच राहिलं याचं.” मग टोपी काढून टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन हौदावर तोंड धुऊन आला. परत आल्यावर सगळ्यांशी घरांच्या जोत्यांवरच बोलला, इकडचं तिकडचं काही नाही.

चिठ्ठी त्याने परत दिली नाही. मी मागितलीही नाही.

सालोमी


पाणआळी
३ नोव्हेंबर १९८५

प्रिय फेबियन,

घरं उभी राहिली. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे न्हाणी. राजवाडे नव्हेत, पण कौलं सरळ रेषेत आहेत आणि प्रत्येक घराच्या जोत्यात खालची ओळ तुझ्या दगडांची आहे. गवंडी म्हणाला, असला दगड आता मिळत नाही. पुतळाबाई पहिल्या दिवशी घरात गेली आणि लगेच बाहेर आली. मी विचारलं, “काय गं?” तर म्हणाली, “दार लावून बघितलं. आतून कडी लागते.” यंदा तिच्या नावाने घरपट्टी आली. ती घेऊन माझ्याकडे आली, दहा पैशांची ओळ कुठली ते दाखव म्हणाली. दाखवली, तर बोट ठेवून बसली त्यावर.

उन्हाळ्याआधी बावखलातला गाळ उपसला, मग पायऱ्या परत बसवल्या. त्यातली एक किंचित डुलते, मुद्दाम तशीच ठेवलीय असं मायकल सांगतो, म्हणजे गवंड्याची इज्जत राहते. क्रूस सरळ झाला. मैदानात संध्याकाळी एवढी पोरं असतात की माझी कोंबडी अंडं द्यायला शेजारी जाते. आणि माझ्या विहिरीचं पाणी या उन्हाळ्यात गोड राहिलं. गाळ साचून सात वर्षांपूर्वी ते मचूळ व्हायला लागलं होतं, पण तुला कधी कळवलं नाही. तुला वाटलं असतं, मी माझ्या घागरीसाठी तुझ्या मागे लागलेय.

आता सणाचं सांगते, त्यासाठीच हे पत्र. सोबत पुडकं आहे, ते आधी उघडलं असशील तर हात थांबव.

तू बांधावर लावलेल्या राजेळी केळीची पोरं-नातवंडं अजून फुटतात. यंदा गावाच्या जमिनीतला पहिला घड म्हणून तोच देवळात आणला. मायकलने पुकारा सुरू केला. आग्नेलकाका बोलले, श्रीपत बोलला, आणि मग सरपंच बोलला. तो आजवर लिलावात कधी बोललेला नव्हता. आणि एकदम एवढा आकडा बोलला की श्रीपतने सुद्धा तोंड मिटलं. घड त्याला सुटला. त्याने पैसे टेबलावर ठेवले, घड उचलून खांद्यावर टाकला आणि फाटकाकडे चालू लागला.

मायकल म्हणाला, “सरपंच, घड परत फिरवायचा असतो.”

“ठाऊक हाये,” हरेश्वर म्हणाला. “येईल परत. जरा लांबून फिरून येनार.”

त्याने तो घड घरी पेंढ्यात पिकवला. आणि ऑक्टोबरच्या उन्हात, बावखलाच्या बांधावर मांडव घालून, त्याची सुकेळी केली. स्वतः. विनीला सांग, राजेळी केळं सोलून उन्हात वाळवलं की मधासारखं होतं, वसईशिवाय कुठे मिळणार नाही. तू लहानपणी मांडवाखालून चोरायचास आणि हा राखण करायचा, तीच. शेतातली कामं टाकून सरपंच माशा हाकत बसलेला बघायला सगळं गाव येऊन गेलं. मी म्हटलं, “अरे, बायकांना दे, त्या करतील नीट.” म्हणाला, “बाय, ह्यातलं तुझं काम फक्त पोस्टाचं.” थोडी जास्तच वाळलीत. दातांची काळजी घे, आता आपण काही तरुण नाही.

केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटात त्यानेच बांधली. चिठ्ठी घालतोस का विचारलं, तर नको म्हणाला. ग्रेसीमास्तरणीचा नवरा बहरीनला चाललाय, त्याच्या हाती पुडकं आणि हे पत्र देते.

खा दोघं. पण रीत तुला सांगायला नको. घड ज्याने घेतला त्याने ठेवून घ्यायचा नसतो, आणि शेवटचं केळं देवळाच्या अंगणातच खायचं असतं, सगळ्यांबरोबर. पुढचा सुगीचा सण ऑक्टोबरातच आहे. घड आता तुझ्याकडे आहे.

तुझी बाय,
सालोमी